बंपरचा कलप

"भीतले पाठ लाईसन उभा ऱ्हा! बठ्ठा! कोन्ही पाठ फिरावू नका!"

माझे सासरे आबा ओरडत होते आणि अकरा प्रतिष्ठित माणसं भिंतीला पाठ टेकवून ओळीनं उभी होती. प्रसंग माझ्या धाकट्या मेहुणीच्या साखरपुड्याचा होता. (लांबून पाहणाऱ्याला पोलिसांची ओळखपरेड वाटली असती. फरक एवढाच, की ओळखपरेडीत गुन्हेगार ओळीत उभा असतो. इथे तो ओळीच्या बाहेर, हातात सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. तो मी.)

त्या अकरा जणांच्या मागच्या बाजूला, म्हणजे माणूस ज्या जागेवर बसतो नेमका तिथे, एकेक आडवा पट्टा उमटला होता. चार बोटं रुंद, तपकिरी-काळा. धोतरावर पट्टा, पायजम्यावर पट्टा, सफारीवर पट्टा. पोस्टात बसून कोणी एकाच शिक्क्यानं धडाधड उमटवत गेल्यासारखे सगळे सारखे! स्वयंपाकघराच्या दारात बायका तोंडात पदराचे बोळे कोंबून उभ्या होत्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, पण ते भांडं नव्हतं, माझी आतेसासू हसली होती.

आता हे का झालं ते सांगायचं, तर माझ्या मोटारीपासून सुरुवात करायला हवी.

नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. जळगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडून मी जुनी मोटार घेतली होती. छोटी, लाल. इंजिन ठणठणीत, आणि हॉर्न असा की म्हशी आपण होऊन रस्ता सोडायच्या. खोट एकच. तिचं जेवढं म्हणून काळं प्लॅस्टिक होतं, पुढचा-मागचा बंपर, दरवाजांवरच्या पट्ट्या, आरशाच्या टोप्या, ते सगळं उन्हानं पांढरं पडलं होतं. मी मेहरूणला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो आणि घरापासून नजर जाईल तिथवर झाड नव्हतं. गाडी दिवसभर पश्चिमेकडे तोंड करून उभी. जळगावच्या मे महिन्यात कावळेसुद्धा करडे पडतात, असं मी कचेरीत सांगायचो, आणि कोणी हसायचं नाही. सगळ्यांना ते खरंच वाटायचं!

एरवी मी त्या पांढऱ्या बंपरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण लताचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं, आणि प्रश्न आला नवरदेवाच्या गाडीचा. नवरदेवाला जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरायच्या जागेवरून, मांडवात आणायचं ते मुलीकडच्यांच्या गाडीतून. आणि मुलीकडच्यांत गाडीवाले जावई दोन. एक मी. दुसरे माझे साडूभाऊ, मधुकरराव. ते धुळ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर होते आणि त्यांच्याकडे जीप होती. (जीप मालकाची होती. पण मधुकरराव तिच्याबद्दल असं बोलायचे, की ऐकणाऱ्याला मालकच त्यांच्याकडून ती अधूनमधून मागून नेत असावा, असं वाटायचं.)

त्या घरात मी धाकटा जावई. धाकट्या जावयाला पाट मिळतो, पण पंख्याखालचा मिळत नाही. मधुकरराव आले की आबा उठून उभे राहायचे. मी आलो की म्हणायचे, "या. दरवाजा लाई ल्या." म्हणजे नवरदेव माझ्या गाडीत बसणं ही माझ्या दृष्टीनं साधी गोष्ट नव्हती. सहा वर्षांच्या संसारात एकदा तरी आबांनी चारचौघांत म्हणावं, "हाई आमना धाकला जवाईनी गाडी शे", एवढीच माझी इच्छा होती.

आबांनी गाडी पाहिली. तिच्याभोवती एक फेरी मारली, बैलाचे दात पाहावेत तसे बंपरपुढे वाकले आणि म्हणाले,

"गाडी तरनी शे जवाईबापू. पन मिश्या पिकेल शेत."

"आबा, ते उन्हानं झालंय."

"नवरदेव पंचवीसना आनि गाडी पंच्याहत्तरनी. कसं दिसी?" मग जरा विरघळून म्हणाले, "साखरपुडाना दिवस लई या. देखसूत."

म्हणजे साखरपुड्याला गाडी नेऊन दाखवायची. दार बंद नव्हतं! गाडीला कलप लावायचा, की नवरदेव माझा!

मी कामाला लागलो. पहिल्यांदा खोबरेल चोपडलं. बंपर असा तुकतुकीत दिसायला लागला, की मी खोलीतून दोनदा बाहेर येऊन त्याच्याकडे बघून गेलो. दुसऱ्या दिवशी भुसावळला जाऊन आलो, तर रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर बसून त्याला लव फुटलेली. हात फिरवला की ससा कुरवाळल्यासारखं वाटायचं. मग बूटपॉलिश केलं. त्यानं बंपर खरोखर काळा झाला, आणि भाजी घेऊन गाडीला वळसा घालून येणारी माझी बायको शैलासुद्धा झाली.

"अहो, हा बंपर आहे की बूट?" शैला साडीचा काठ माझ्या नाकासमोर धरून म्हणाली. "आमच्या आबांनी गाडी नवी दिसली पाहिजे म्हटलंय. आम्ही जुन्या दिसलो पाहिजे असं नाही म्हटलं!"

बूटपॉलिश बंद.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी मी गावी गेलो. आमचं गाव यावलच्या पलीकडे, आणि घरची केळी. आमच्या भागात प्रत्येक घरात कपडे दोन प्रकारचे असतात. एक माणसांत जायचे, दुसरे केळीत जायचे. कारण केळीचा चीक! केळीवर विळा बसला की पाण्यासारखा स्वच्छ रस टपकतो. दिसत नाही, जाणवत नाही. दुपारपर्यंत तो कपड्यावर तपकिरी होतो, दुसऱ्या दिवशी काळा, आणि मग तो कपडा काही झालं तरी केळीतलाच. चौथीत असताना मी शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी केळीत शिरलो होतो. आईनं तो सदरा लिंबानं घासला, सोड्यात उकळला, रॉकेलमध्ये बुडवला आणि त्याच क्रमानं मलाही धुतलं. पुढे त्या सदऱ्याचं फडकं झालं, फडक्याचं पोतेरं झालं, पोतेरं झिजत झिजत गेलं आणि शेवटी नुसता डाग उरला. भोवती कापड नव्हतं!

त्या दिवशी बांधावर उभा राहून मी कापलेल्या खोडातून टपकणारा चीक पाहत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जगातला सगळ्यात पक्का काळा रंग इथे आपल्या शेतात फुकट टपकतोय, आणि आपण बूटपॉलिश विकत आणतोय! ऊन याचं काय वाकडं करणार? सोड्यानं झालं नाही, रॉकेलनं झालं नाही!

मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली खोडाला लावली. आई केळीतल्या लुगड्यात पलीकडे पिलं, म्हणजे बुंध्यालगतचे नको असलेले कोंब, काढत होती. ती विळा घेऊन आली.

"काय करू राह्यला रे?"

"चीक जमवतोय माय. गाडीला लावायला."

"गाडीले?"

"बंपर पांढरा पडलाय. काळा करायचाय."

आई थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो कापडाले काळा करते. पिलास्टिकले काय व्हते त्यानं? आपली ते चिकाची बादली पाह्य ना. पाच वर्सं झाले, पांढरीच्या पांढरी हाये."

"माय, तुला गाड्यांतलं काय कळतं?"

"गाड्यातलं नाही कळत," आई म्हणाली. "बादलीतलं कळते." आणि पिलं काढायला निघून गेली.

मी शास्त्रशुद्ध माणूस. आईवर विसंबून न राहता मी प्रयोग केला. संध्याकाळी एका चिंधीनं चीक बंपरच्या कोपऱ्याला लावला आणि चिंधी तारेवर टाकली. सकाळी उठून पाहतो तर चिंधी काळी कुळकुळीत! मी टाळीच वाजवली. प्रयोग सिद्ध! (चिंधी काळी झाली की बंपर, हे पाहायला हवं होतं, हे मला पुढे अकरा जणांनी समजावून सांगितलं.) कोपरा पाहिला तर तो होता तसाच होता. पण मी मनाशी म्हटलं, प्लॅस्टिक जाड, मुरायला वेळ लागणार. हात कमी पडले.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटे मेहरूणला अख्ख्या गाडीला एक हात मारला. ओला असताना काय काळा दिसला बंपर! नुकत्याच न्हालेल्या रेड्यासारखा! धुळ्याला पोचेपर्यंत वाऱ्यानं सुकून पुन्हा पांढरा. आबांच्या गल्लीत एकच कडुनिंब आणि त्याची एकच सावली. गाडी मी त्याच सावलीत घातली. बंपरला आता ऊन लागू द्यायचं नव्हतं ना! खिशातून बाटली काढली आणि उरलासुरला सगळा चीक पुढे, मागे, दरवाजांच्या पट्ट्यांवर चांगला जाड थापला.

"अहो, हे चिकट का लागतंय?" शैला बोट लावून म्हणाली.

"सुकलं की जातं. तू आत जा. आणि हात लावू नको."

"का?"

"तू विचारू नको."

तिनं बोट माझ्याच रुमालाला पुसलं आणि आत गेली. तेवढ्यात आबा बाहेर आले. ओला, काळाभोर बंपर पाहिला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चमकी ऱ्हायनी!" ते म्हणाले. "नवी बसाडी का?"

"नाही आबा. थोडी मेहनत घेतली." मी नम्रपणे म्हणालो. (इतका नम्र मी लग्नातसुद्धा नव्हतो.)

दहाच्या सुमारास शिरपूरकडून नवरदेवाची मंडळी आली. पुढे मुलाचे आजोबा. त्यांना सगळे नाना म्हणत. बगळ्यासारखं पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, मिशा त्याहून पांढऱ्या. घरात बायकांचं मांडणं चाललेलं, त्यामुळे पुरुषमंडळी बाहेरच थांबली. गल्लीत तवा तापावा तसं ऊन. सावली एकच, आणि त्या सावलीत माझी गाडी. नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्या बंपरवर बसले.

माझं तोंड उघडलं. पण बोलणार काय? साखरपुड्याला आलेल्या नवरदेवाच्या आजोबांना "उठा" म्हणणार?

"आहाहा," नाना म्हणाले. "गार शे, भो! हाई गाडी कोनी शे?"

आणि आबा म्हणाले! चारचौघांत, गल्लीत, मधुकरराव ऐकत असताना आबा म्हणाले, "हाई आमना धाकला जवाईनी गाडी शे!"

मी तोंड मिटलं.

मग काय! नाना उठले की त्यांचे भाऊ बसले, भाऊ उठले की मामा बसले. पुढच्या बंपरवर दोघं, मागच्या बंपरवर दोघं, उरलेले दरवाजांना रेलून पाळीची वाट पाहत उभे. माझ्या गाडीला एवढी माणसं मी पूर्वी फक्त ढकलताना पाहिली होती. मधुकररावांना ते सहन होईना. ते आपली मलईच्या रंगाची नवी सफारी सावरत आले, "पेलतो का हो तुमचा बंपर आमचं वजन?" म्हणून त्यावर बसले आणि वर दोनदा उसळून पाहिलं.

"पेलतो ना साडूभाऊ," मी म्हणालो. "बसा की निवांत."

त्यानंतर सगळी मंडळी मांडवाच्या कापडाखाली बाकांवर जाऊन चहा प्याली. बाकं मधुकररावांनी आणली होती. खास चॉकलेटी रंग देऊन. हे बाकांचं लक्षात ठेवा.

मग दुपारी आत साखरपुडा सुरू झाला. लताला पाटावर बसवलं. नाना साखरेचा पुडा द्यायला सतरंजीवरून उठले, पुढे वाकले, आणि मागे दारातल्या बायकांत एकदम शांतता पसरली. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. नाना वळून पाहतात तर मागे कोणी नाही. (होतं ते त्यांच्या स्वतःच्याच मागे होतं.) मदतीला त्यांचे भाऊ उठले. त्यांनाही पट्टा. मामा उठले. पट्टा!

"हाई काय शे? धोतरले काय लागनं?"

"मना धोतरचं काय सांगी ऱ्हायना, तुना पायजमाले बी शे!"

"वं माय! मले बी शे का? देख ना, देख!"

अकरा माणसं एकमेकांच्या मागे काय आहे ते पाहण्यासाठी एकमेकांभोवती गोल फिरायला लागली. बायका जमिनीवर बसल्या. तेव्हा आबांनी ती गर्जना केली आणि सगळ्यांना भिंतीला लावलं.

"बाकडासना रंग शे हाऊ!" आबांनी निकाल दिला आणि ते मधुकररावांकडे वळले. "वला रंगवर पाहुणा बसाड्यात?"

"आबा, रंग सुकून आठ दिवस झाले!" मधुकरराव भिंतीला पाठ लावूनच ओरडले. "आणि माझ्याच सफारीची वाट लागलीय! मी माझाच रंग माझ्याच सफारीला लावीन का?"

इथे मी गप्प बसलो असतो, तर आज ही गोष्ट सांगायला नसती. पण सहा वर्षं पंख्यापासून लांब बसलेला माणूस मी. हातातल्या ट्रेमधून नानांना सरबत देता देता, चेहऱ्यावर आणता येईल तेवढं दुःख आणून म्हणालो, "साडूभाऊ, रंग नीट सुकू द्यायला हवा होता हो. पाहुण्यांचे कपडे आहेत."

नानांनी माझ्या हातातलं सरबत घेतलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी धोतराचा मागचा भाग पुढे ओढला, बोटांनी चुरडला, नाकाला लावला.

"रंग नही शे हाऊ," ते शांतपणे म्हणाले. "हाऊ केळीना चीक शे. मनी बी केळी शेत, तापीकाठले. चाळीस साल व्हयनात, मी वळखस."

"चीक?" आबा गोंधळले. "आठे धुळामा केळी कोठे शे नाना?"

"तेच इचारस. तुमनामा केळीकडला कोन शे?"

 अकरा माना, तुमच्या डोळ्यांसमोर आणा, भिंतीला टेकलेल्या अकरा माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. त्यात मधुकररावांची सगळ्यात आधी.

"आनि बठ्ठास्ना कपडा खराब," नाना माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारत म्हणाले, "याना एकलाना निर्मळ. हाऊ बंपरवर काबरं बसना नही?"

खरोखर, सकाळपासून उभेच असलेले आबा सोडले, तर त्या घरात त्या वेळी डाग नसलेला पुरुष मी एकटाच होतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ कपड्यांमुळे पकडला गेलो.

मी ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. खोबरेल, बूटपॉलिश, चिंधी, सगळं. सांगताना मला वाटलं होतं, निदान कल्पनेचं तरी कोणी कौतुक करेल. लता पाटावर खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय हे कळेना. बंपर गेला खड्ड्यात, पण पोरीचं लग्न माझ्या बाटलीपायी मोडलं तर?

"नाना," मी हात जोडले, "माझं चुकलं. पोरीचा काही दोष नाही."

"डाग जाई का?" आबांनी अगदी हळू विचारलं. नानांना नाही, मला.

"धोतर जाईल आबा," मी म्हणालो. "डाग नाही."

 नाना साखरेचा पुडा हातात घेऊन तसेच उभे. मग म्हणाले,

"मना घरमा बठ्ठास्ना धोतरले चीकना डाग शेत. एकच धोतर बिनडागनं व्हतं. पोराना लगीनकरता ठेयेल व्हतं." ते थांबले. "आज काढं."

आणि ते हसले! आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, मग भिंतीला लावलेली अख्खी ओळ हलायला लागली. लताचे खांदे हसण्यानंच हलत होते हे तेव्हा उघड झालं. नानांनी तिच्या हातात पुडा ठेवला आणि साखरपुडा झाला. हसले नाहीत ते दोघंच. एक मधुकरराव, आणि दुसरे आबा.

पुढे लग्न थाटात झालं. नवरदेव जीपमधून आला. माझ्या गाडीलाही मान मिळाला, तिच्यातून आचारी आणि बुंदीची दोन पातेली आली. आचाऱ्यानं बसण्याआधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. नाना लग्नात तेच धोतर नेसून आले, पट्ट्यासकट. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना बोट माझ्याकडे दाखवून स्वतः सांगत होते.

पण तो सगळा पुढचा भाग. साखरपुड्याच्या दिवशी उन्हं उतरल्यावर पाहुणे गेले, मधुकरराव सफारीवर टॉवेल गुंडाळून जीपमध्ये बसून गेले, आणि मी निंबाखाली गाडीला टेकून (नाही, गाडीपासून हातभर लांब) उभा होतो. आबा बाहेर आले. सकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं ते एक वाक्य अजून माझ्या कानात होतं. म्हटलं, झालं ते झालं, विचारून तर पाहू.

"आबा," मी म्हणालो, "मग नवरदेवाच्या गाडीचं काय ठरवलंत?"

आबांनी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. पुढे वाकले, मागे वाकले, दरवाजाच्या पट्टीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "बठ्ठं काळं व्हयनं. बंपर तेवढा ऱ्हाई गया."